सीक्वेलमध्ये खुन्याला पत्ता कोण देतं? स्लॅशर चित्रपटांतले योगायोग आणि कंटिन्युटी

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे नंतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. अमळनेरच्या तुमच्या ग्रुपने यावलजवळच्या केळीच्या बागेत चाळीस मिनिटांचा स्लॅशर (एक खुनी एकेकाला गाठून मारतो तसला भयपट) केला, निम्मा मराठीत, निम्मा अहिराणीत. बागेचा जुना राखणदार एकेकाला विळ्याने मारतो, शेवटी नायिकेशी झटापट होऊन विहिरीत पडतो, ती एकटी वाचते. लोकांना तो आवडला म्हणून आता दुसरा भाग. त्यात नायिका नाशिकच्या एका हॉस्पिटलात नर्स आहे आणि एका रात्री ॲम्ब्युलन्समधून जो बेशुद्ध पेशंट तिच्याच वॉर्डात येतो, तो नेमका तोच राखणदार. मित्र म्हणतात, एवढा योगायोग पब्लिक पचवणार नाही. तुम्ही म्हणता, पहिल्या भागातही योगायोग होते, तेव्हा कोणी चकार शब्द काढला नाही; परदेशी सीक्वेलमध्ये तर याहून मोठे चालतात. जोडीला दोन उपप्रश्न आहेत: विहिरीत पडलेल्याला परत कसं आणायचं, आणि पहिल्या भागाच्या शेवटाला लागून येणारा प्रसंग वर्षभराने शूट करताना कंटिन्युटी, म्हणजे आधीच्या शॉटशी तपशील जुळता ठेवणं, कशी सांभाळायची.

मी बरीच वर्षं मुंबईत मालिकांच्या आणि चित्रपटांच्या सेटवर कंटिन्युटी पाहिली. आता जळगावात असतो, इकडच्या मुलांच्या स्क्रिप्ट वाचतो, जमेल तिथे शूटवरही जातो. खानदेशात कोणी मनापासून भयपट करतंय हे कळलं की मला फार आनंद होतो, म्हणून उत्तर लांबणार आहे.

तुमचे मित्र बरोबर आहेत, पण त्यांनी सांगितलेलं कारण मला पटत नाही. योगायोग लहान की मोठा यावर प्रेक्षक अडत नाही. तो अडतो ते एका साध्या शंकेवर: याला पत्ता कोणी दिला? पहिल्या स्लॅशरमध्ये ही शंका येतच नाही, कारण तिथे माणसं स्वतःच्या पायाने खुन्याच्या हद्दीत जातात. बाग त्याची, विहीर त्याची, अंधार त्याचा. चार पोरं नेमकी त्याच रात्री बागेत का गेली, हे विचारायची कोणाला गरज वाटत नाही. गोष्ट तिथूनच सुरू होते. दुसऱ्या भागात वाचलेली मुलगी ती हद्द सोडून गेलेली असते. आता खुन्याला तिच्या दारात जायचंय. म्हणजे योगायोगाचा भार बळीच्या खांद्यावरून खुन्याच्या खांद्यावर आला. बहुतेक सीक्वेल गडबडतात ते इथेच.

जॉन कारपेंटर यांच्या 1978 च्या ‘हॅलोविन’मध्ये एक छोटा प्रसंग आहे. लॉरी नावाच्या मुलीचे वडील घरं विकण्याचा धंदा करतात. ते तिला सांगतात, शाळेत जाता जाता त्या रिकाम्या मायर्स घराच्या दाराशी किल्ली ठेव. ती ठेवते. वेड्यांच्या इस्पितळातून आदल्या रात्री पळालेला मायकल मायर्स त्या वेळी आत उभा आहे; आपल्याला त्याच्या खांद्यामागून ती दाराच्या काचेपलीकडे दिसते. बस्स, एवढंच. हा शुद्ध योगायोग आहे, आणि चित्रपटाची भीती त्यातूनच येते: तिने काही केलेलं नाही, फक्त एका दारापर्यंत गेली. आणि दार त्याचं आहे, ही गोष्ट विसरू नका.

1981 चा दुसरा भाग त्याच रात्री पुढे सुरू होतो. लॉरी हॉस्पिटलात आहे आणि मायकल तिला शोधत तिथे येतो. तुमच्यासारखंच हॉस्पिटल, तुमच्यासारखीच अडचण. एवढ्या गावात हा हिच्याच मागे का? उत्तर म्हणून लेखकांनी नातं जोडलं: लॉरी ही मायकलची धाकटी बहीण, दत्तक गेलेली. त्याच सुमारास पहिला चित्रपट टीव्हीवर दाखवायचा होता आणि वेळ भरायला काही नवे प्रसंग लागणार होते. ते दुसऱ्या भागाच्या शूटिंगच्या वेळीच करून घेतले आणि त्यातही मायकलच्या इस्पितळातल्या दारावर खरडलेला ‘बहीण’ हा शब्द घालून टाकला. म्हणजे जुन्या चित्रपटातसुद्धा मागाहून पुरावा पेरला.

तर्काच्या दृष्टीने शंका मिटली, पण त्याची किंमत बघा. आता भीती कोणालाही लागू होत नाही, एका कुटुंबापुरती राहते. आणि एकदा रक्ताचं नातं हे कारण म्हणून दिलं की पुढच्या प्रत्येक भागाला एक नातेवाईक लागतो. 1988 च्या चौथ्या भागाच्या वेळी लॉरीचं काम करणाऱ्या जेमी ली कर्टिस नव्हत्या, म्हणून लॉरी अपघातात गेली असं सांगून तिची लहान मुलगी आणली. 1998 मध्ये कर्टिस परत आल्या, तेव्हा मधले भाग बाजूला ठेवून तिने मरणाचं नाटक केलं होतं असं सांगावं लागलं. 2018 मध्ये तर 1978 सोडून सगळंच पुसलं, आणि भावाबहिणीचं नातं म्हणजे लोकांनी उठवलेली वावडी, असं एका पात्राच्या तोंडून वदवून घेतलं. एका शंकेचं घाईत दिलेलं उत्तर पुढच्या लेखकांनी सदतीस वर्षं निस्तरलं.

पण 2018 वाल्यांची खरी कसोटी वेगळीच होती. नातं काढून टाकल्यावर मायकलला लॉरीचं नाव-गाव काहीही ठाऊक असण्याचं कारण उरलं नाही. चाळीस वर्षं तो कोंडलेला, ती गावाबाहेर जंगलात घराला किल्ल्यासारखं करून राहिलेली. मग शेवटी दोघं समोरासमोर येणार कसे? तिथे त्यांनी मायकलवर उपचार करणारा डॉक्टर वापरलाय. या डॉक्टरला पछाडल्यासारखं झालंय, मायकल लॉरीसमोर उभा राहिला तर काय होतं हे त्याला बघायचंय. तो मायकलला पोलिसांच्या गाडीत घालून स्वतः तिच्या घराकडे नेतो. हे वळण अनेकांना आवडलं नाही, ओढूनताणून आणलंय असं म्हणणारे पुष्कळ आहेत. मला मात्र ते लेखनाच्या बाजूने प्रामाणिक वाटतं. पत्ता कोणी दिला, तर या माणसाने. का दिला, तर त्याच्या स्वतःच्या हव्यासापायी. आणि त्याची शिक्षाही त्याला लगेच मिळते.

दुसरा रस्ता म्हणजे जागा सोडायचीच नाही. ‘फ्रायडे द थर्टीन्थ’ मालिकेने बरीच वर्षं हेच केलं: तळं तेच, जंगल तेच, दर वेळी नवी पोरं आपणहून येतात. त्यामुळे त्या मालिकेत बाकी ढीगभर घोळ असूनही ‘हा इथे कसा’ हा प्रश्न सहसा पडत नाही. अपवाद एकच आणि तो बोलका आहे. 1981 च्या दुसऱ्या भागाच्या सुरुवातीला, पहिल्या भागात वाचलेल्या ॲलिसला मालिकेतला खुनी जेसन तिच्या राहत्या घरात गाठून मारतो. जंगलात वाढलेल्या या माणसाला तिचं घर कसं सापडलं? चित्रपट सांगत नाही. दिग्दर्शकाने तिथे एक छान तपशील घातलाय: खून झाल्यावर शेगडीवर शिट्टी वाजवणारी किटली एक हात शांतपणे उचलून बाजूला ठेवतो. अंगावर काटा येतो. तरी चाहते इतक्या वर्षांनंतरही किटलीइतकंच त्या पत्त्याबद्दल बोलतात.

त्याच भागात एक मोठी कंटिन्युटीची अडचण त्यांनी फार हुशारीने सोडवली, ती तुमच्या विहिरीच्या कामाची आहे. पहिल्या भागात (1980) जेसन हा 1957 मध्ये बुडालेला मुलगा आहे, आणि त्याच्या मरणाचा सूड त्याची आई घेते. दुसऱ्या भागात तो चांगला दांडगा पुरुष होऊन फिरतोय. जिवंत होता तर आईने सूड कसला घेतला? यावर पक्कं उत्तर नाहीच. पण गिनी नावाची नायिका, जी बालमानसशास्त्र शिकतेय, बारमध्ये बसून मोठ्याने विचार करते: समजा तो वाचला असेल, एकटा जंगलात वाढला असेल, त्याने आईला मरताना पाहिलं असेल, तर त्याच्या डोक्यात काय चालत असेल? सोबतचे हसण्यावारी नेतात. पण प्रेक्षकाच्या मनातली शंका पडद्यावरच्या कोणीतरी बोलून दाखवली, त्याने निम्मं काम झालं. उरलेलं निम्मं शेवटी होतं. जेसन अंगावर येतो तेव्हा गिनी त्याच्या आईचा स्वेटर चढवते आणि आईच्या आवाजात त्याला दटावते. तो क्षणभर थबकतो. बारमधल्या गप्पा तिच्या हातातलं शस्त्र झाल्या. कथेतलं भोक बुजलं नाही, पण त्या भोकातूनच कथेतला सर्वोत्तम प्रसंग निघाला.

तिसरा रस्ता मला सगळ्यांत जास्त शिकवण्यासारखा वाटतो: योगायोग दाखवायचा आणि मग तो योगायोग नव्हताच हे उघड करायचं. ‘आय स्टिल नो व्हॉट यू डिड लास्ट समर’ (1998) हा काही फार मोठा चित्रपट नाही, पण त्यातली एक युक्ती पक्की आहे. नायिका ज्युलीच्या मैत्रिणीला रेडिओ स्टेशनवरून फोन येतो: ब्राझीलची राजधानी सांगा आणि बहामाची सहल जिंका. दोघी सांगतात, रिओ. बरोबर म्हणून बक्षीस मिळतं. पोरी आनंदाने नाचतात. आता ब्राझीलची राजधानी ब्राझिलिया आहे, आणि हे सभागृहातल्या काही जणांना तेव्हाच माहीत असतं. त्यांना वाटतं, लेखकाने चूक केली. खूप उशिरा ज्युलीच्या लक्षात येतं की उत्तर चुकीचं होतं, तरी बक्षीस मिळालं. म्हणजे स्पर्धाच खोटी, सापळा रचून त्यांना त्या बेटावर आणलंय. प्रेक्षक ज्याला लेखकाची चूक समजत होता तो खुन्याचा डाव निघतो. बेटावर आणल्यामुळे जागाही परत खुन्याची झाली, हे वेगळंच.

या सगळ्याला अपवाद आहेत, तेही सांगतो. खुनी माणूस नसून भूत असेल तर हिशेब बदलतो. ‘अ नाइटमेअर ऑन एल्म स्ट्रीट’मधला फ्रेडी स्वप्नात येतो, त्याला रस्ता लागत नाही आणि पत्ताही लागत नाही. तरी 1985 च्या दुसऱ्या भागात नवं कुटुंब नेमकं जुन्या नायिकेच्या घरातच राहायला आलंय. म्हणजे भुतालाही लेखकांनी जागा धरूनच ठेवलं. विनोदी भयपट असेल तर योगायोग हाच विनोद होऊ शकतो. लांबीचाही प्रश्न असतो: दहा मिनिटांच्या फिल्ममध्ये कोणी पत्ता विचारत नाही, दीड तासात विचारतात. तुमचा दुसरा भाग तासाभराचा आहे, खुनी हाडामांसाचा आहे आणि सूर गंभीर आहे, म्हणून मी कडक निकष लावतोय.

आता तुमच्या हॉस्पिटलकडे येऊ. मी तुमच्या जागी असतो तर प्रसंग काढला नसता. खानदेशातला पेशंट जळगाव किंवा धुळ्याहून पुढे नाशिकला पाठवला जातो, यात कोणालाच नवल वाटणार नाही. आपल्यापैकी कितीजण नातेवाइकांना घेऊन त्या रस्त्याने गेलेत. म्हणजे नाशिकपर्यंतचा प्रवास तुम्हाला फुकटात मिळाला. अडचण फक्त शेवटच्या टप्प्याची आहे: याच हॉस्पिटलात, हिच्याच ड्युटीत, का? तिथे माणूस बसवा. तुमच्या पहिल्या भागाच्या शेवटी विहिरीतून प्रेत काढल्याचं दाखवलेलं नाही. मग नायिकेलाही ते ठाऊक आहे. वर्षभर ती झोपलेली नाही. नर्स झाल्यापासून 108 ॲम्ब्युलन्सच्या ड्रायव्हरांशी तिने ओळख वाढवलीय आणि प्रत्येकाला एकच गोष्ट सांगून ठेवलीय: सातपुड्याकडून कोणी अनोळखी इसम आला, डाव्या हाताची दोन बोटं नसलेला, तर आधी मला फोन करा. (बोटं मी माझ्या मनाने घातली, तुमच्या राखणदाराची जी खूण असेल ती घ्या.) एक दिवस फोन येतो. ड्रायव्हर तिच्या भल्यासाठीच पेशंटला तिच्याकडे वळवतो.

बघा काय झालं. प्रसंग तोच राहिला, पण आता त्याला तिथे आणणारी ती स्वतः आहे. वॉर्डात पुढे जे मरतील त्यांचं ओझं तिच्या डोक्यावर. तुमच्या स्क्रिप्टमध्ये ती त्याला पाहून किंचाळते, “तू आठे कसा उना?” (तू इथे कसा आलास?) ते वाक्य ठेवा, फक्त तिला किंचाळायला लावू नका. तिने ते हळू विचारावं, कारण उत्तर तिलाच माहीत आहे.

हे नको असेल, गावातच राहायचं असेल, तर आपल्याकडे पत्ता मिळायच्या इतक्या चांगल्या सोयी आहेत की योगायोगाची गरजच पडू नये. लग्नपत्रिका घ्या. आपल्या पत्रिकेवर काय नसतं? हळद कधी, लग्न किती वाजता, कुठल्या मंगल कार्यालयात, निमंत्रकांचे मोबाईल नंबर, भाऊबंदांची नावं गावांसकट. ज्या घरातलं लग्न, ते घर त्या दिवशी रिकामं असणार हेही कळतं. पत्रिका घरोघर वाटलेली असते, दुकानाच्या काउंटरवर पडलेली असते, कॅलेंडरमागे खोचलेली असते. पहिल्या अर्ध्या तासात कॅमेरा एकदाच त्या कॅलेंडरवरून जाऊ द्या. नंतर तीच पत्रिका भलत्याच हातात दाखवा, अंगठ्याखाली एका गावाचं नाव. एकही संवाद लागणार नाही.

सगळे एकाच रात्री एकत्र का, यालाही तीच सोय आहे. परदेशी स्लॅशर सण आणि तारखा उगीच धरत नाहीत. तारखेने माणसं गोळा होतात. आपल्याकडे कानबाईच्या उत्सवाला सुरतेला, पुण्याला कामाला गेलेले भाऊ गावी येतात, रात्रभर जागरण, सकाळी विसर्जन, घराची दारं उघडी, गर्दीत कोण आलं-गेलं कळत नाही. आखाजीला (अक्षय तृतीयेला) लेकी माहेरी येतात. आणि शेतात रात्री एकटा माणूस का, याला तर लाईटचं वेळापत्रक पुरेसं आहे: ज्या आठवड्यात मोटारीची थ्री फेज वीज रात्रीची, त्या आठवड्यात पाणी द्यायला कोणीतरी जाणारच, आणि कोणत्या शिवारात कधी लाईट हे अख्ख्या गावाला पाठ असतं. खुन्यालाही.

फक्त तारीख पुन्हा पुन्हा वापरू नका. 1978 मध्ये मायकल 30 ऑक्टोबरला, म्हणजे हॅलोविन सणाच्या आदल्या रात्री, पळतो, कोणी काही म्हणत नाही. 1988 च्या भागात त्याला 30 ऑक्टोबरलाच दुसरीकडे हलवतात आणि तो पळतो. 2018 मध्ये पुन्हा 30 ऑक्टोबरच्या रात्रीच बसमधून हलवतात. एवढ्या धोकादायक माणसाला दर वेळी सणाच्या आदल्या रात्रीच का हलवता, असं प्रेक्षक म्हणणारच. पहिला भाग तुम्ही अमावास्येला घडवलाय. दुसरा मुद्दाम चांदण्यात घडवा.

विहिरीबद्दल. लिंक दिली होतीत म्हणून पहिला भाग मी दोनदा पाहिला. परत येण्याचं कारण नव्याने शोधू नका, जुन्या फ्रेममध्ये बघा. तो पडतो त्या शॉटमध्ये उजव्या कडेला पाणबुडी मोटारीचा पाईप आणि त्याला बांधलेला दोर स्वच्छ दिसतो. तुम्ही तो मुद्दाम ठेवला नसेल, पण आहे. दुसऱ्या भागात सकाळी शेतकरी मोटार सुरू करतो आणि पाणी येत नाही. वर ओढून बघतो तर दोर तुटलेला, पाईप वाकलेला. राखणदार कसा निघाला हे दाखवायचीही गरज नाही. हे करताना एकच पथ्य पाळा: पहिल्या भागात प्रेक्षकाने डोळ्यांनी पाहिलेलं खोटं ठरवू नका. 1998 मध्ये लॉरी मायकलचं डोकं उडवते आणि लोक समाधानाने घरी जातात. 2002 च्या ‘रेझरेक्शन’मध्ये सांगितलं की तो मायकल नव्हताच, त्याने एका ॲम्ब्युलन्सवाल्याचा गळा चिरडून, आपला मुखवटा त्याच्या तोंडावर चढवून अदलाबदल केली होती. कागदावर बसतं. पण ज्या क्षणासाठी प्रेक्षकाने टाळ्या वाजवल्या, त्यात एक निरपराध माणूस मेला, असं मागाहून सांगणं हा विश्वासघात आहे. तुमच्या नायिकेने त्याला विहिरीत ढकललं हे खरंच राहू द्या. तो मेला असं तुम्ही कधी दाखवलं नव्हतं, एवढाच आधार तुम्हाला पुरेसा आहे.

तसंच, पुढच्या भागासाठी म्हणून एखादं कोडं टाकायचं असेल तर उत्तर आधी लिहून ठेवा. 1989 च्या पाचव्या ‘हॅलोविन’मध्ये काळ्या कपड्यांतला एक अनोळखी माणूस बसमधून उतरतो, मधूनमधून दिसतो आणि चित्रपट संपला तरी कोण ते कळत नाही. त्याचा उलगडा सहा वर्षांनी, 1995 च्या भागात, एका गूढ पंथाची गोष्ट रचून करावा लागला, आणि त्या पंथानेच ती कथा बुडवली.

आता शूटची कंटिन्युटी. ‘त्याच रात्री पुढे’ हे लिहायला सोपं आणि करायला सगळ्यांत अवघड. 1981 च्या ‘हॅलोविन’साठी कर्टिस यांचे केस आखूड झालेले, म्हणून पूर्ण चित्रपट त्यांनी विग लावून केला. जेसनचं तर ठळक उदाहरण: दुसऱ्या भागाच्या शेवटी मुखवटा उतरल्यावर त्याला लांब केस आणि दाढी आहे, आणि दुसऱ्याच दिवशी घडणाऱ्या तिसऱ्या भागात तो पूर्ण टकला आहे. हे लोकांनी हसून सोडून दिलं, कारण मधल्या काळात त्यांचं लक्ष मुखवट्याकडे होतं.

तुमची अडचण केसांपेक्षा केळीची आहे, आणि हे मी नाही सांगितलं तर दुसरं कोणी सांगणार नाही. पहिला भाग तुम्ही घड लागलेल्या बागेत केलाय. काही शॉटमध्ये घडांना स्कर्टिंग बॅग (घडावर चढवायच्या पिशव्या) दिसतात. लागवडीपासून अकरा-बारा महिन्यांत ती बाग कापली जाते. त्याच शेतात आज गेलात तर पिलबाग (कापलेल्या खोडाच्या पिलांपासून वाढलेली बाग) असेल, झाडं सारखी नसतील, जुन्या खोडांचे बुंधे मध्ये उभे असतील, पानं करपा रोगाने पिवळी पडलेली किंवा वादळाने फाटलेली असतील. शहरातल्या प्रेक्षकाला समजणार नाही, पण तुमचा अर्धा प्रेक्षक रावेर, यावल, चोपड्याचा आहे. तो पहिल्याच शॉटला म्हणेल, ही बाग वेगळी. म्हणून त्याच शेताचा आग्रह सोडा. तुम्ही मृगबागेत (पावसाळ्याच्या सुरुवातीला लावलेल्या बागेत) शूट केलं असेल तर आता शेजारच्या शिवारात त्याच अवस्थेतली बाग शोधा. पावसाळ्यानंतर लावलेली कांदेबाग चालणार नाही, ती वाढीत मागे असते. ठिबकच्या नळ्या कोणत्या बाजूने गेल्यात, दोन ओळींमध्ये किती अंतर आहे, हे जुन्या फ्रेमशी ताडून घ्या. जमलंच नाही तर विहिरीपासून पुढचा भाग अंगणात किंवा रस्त्यावर न्या, बाग फक्त आवाजात ठेवा. वाऱ्याने घासणारी केळीची पानं ऐकू आली की पुरतं.

रक्ताकडे लक्ष द्या. झटापटीनंतर दहा मिनिटांनी घडणाऱ्या प्रसंगात रक्त तांबडंलाल आणि ओलं असेल, पहाटेच्या प्रसंगात ते काळपट तपकिरी आणि कडेला सुकून भेगाळलेलं हवं. शूट उलट्या क्रमाने होतं, त्यामुळे मेकअपवाल्याकडे प्रत्येक सीनची वेळ लिहिलेला कागद हवाच. कपड्यांचा जुना सेट धुवून टाकला असेल तर नवा सेट मळवताना जुन्या शॉटचा स्क्रीनशॉट समोर ठेवा, आठवणीवर जाऊ नका. जर्क, म्हणजे दोन शॉटमधला न जुळणारा तपशील, येतो तो नेहमी आठवणीवर विसंबल्यामुळे.

तरी शूटच्या धावपळीत सगळं सांभाळणं अशक्य झालं, तर कुठे तडजोड करायची हे सांगतो. वस्तूंची कंटिन्युटी सुटली तर प्रेक्षक माफ करतो, दुखापतीची सुटली तर करत नाही. पहिल्या भागात विळा तिच्या डाव्या दंडात घुसलाय. दुसऱ्या भागात वर्षभराने ती डाव्या हाताने पेशंटला उचलताना एकदा तरी अडखळली पाहिजे. सलाईन लावताना बाही वर सरकून व्रण दिसला पाहिजे. 1998 च्या चित्रपटाने मधले भाग गाळले तरी लोकांनी तो स्वीकारला, याचं मोठं कारण लॉरी स्वतः आहे: नाव बदलून दूरच्या राज्यात शाळेची मुख्याध्यापिका झालेली, दारूत बुडालेली, मुलाला नजरेआड न करणारी. वीस वर्षांपूर्वीची रात्र तिच्या अंगात शिल्लक आहे, हे दर मिनिटाला दिसतं. तुमची नायिका नाशिकला जाऊन एकदम ठणठणीत झाली तर विहीर, दोर, पत्रिका काहीही कितीही चोख जुळवा, लोक तुटतील.

भावाचं काम करणारा कलाकार आता उपलब्ध नाही म्हणालात. चेहरा बदलू नका, पात्र बदला. ‘झपाटलेला’ (1993) ते ‘झपाटलेला 2’ (2013) या वीस वर्षांत लक्ष्मीकांत बेर्डे गेले होते. तिथे त्यांच्या जागी दुसरा लक्ष्या न आणता कथा पुढच्या पिढीकडे नेली. तुम्ही भावाऐवजी चुलतभाऊ आणा आणि भावाबद्दल एका वाक्यात बोला.

शेवटचा मुद्दा रीकॅपचा. सुरुवातीला मागच्या शेवटाची उजळणी करणार असाल तर ती नव्याने शूट करू नका. 1981 च्या ‘हॅलोविन’ने शेवटच्या गोळीबाराची उजळणी थोडी बदलून घेतली. मायकलचा तेव्हाचा डॉक्टर ओरडून सांगतो, मी त्याला सहा गोळ्या मारल्या, आणि मोजणाऱ्यांना ऐकू येतात सात. इतकी वर्षं झाली तरी लोक ती सातवी गोळी मोजतात. जुनेच शॉट, जुनाच आवाज, हवं तर आखूड करून लावा. त्यासाठी पहिल्या भागाचे रशेस (न कापलेलं मूळ शूटिंग) लागतील, नुसती अपलोड केलेली फाइल चालणार नाही. ते कोणाच्या हार्डडिस्कवर आहेत हे आजच विचारून घ्या आणि एक कॉपी काढून दुसऱ्याच्या घरी ठेवा. बागेच्या फोटोंसाठीही तेच रशेस लागणार आहेत.

स्क्रिप्टचा पुढचा ड्राफ्ट झाला की हॉस्पिटलचा भाग इथेच टाका, वाचून सांगतो.